झाडांचा कार्बन, माशांचा श्वास : प्लांटेड टँकमधील कार्बन डायऑक्साइडचा सुरक्षित वापर

पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पतीला सर्वांत जास्त चणचण भासते ती कार्बनची. वनस्पतीच्या सुक्या वजनात 40 ते 45 टक्के कार्बन असतो. जमिनीवरच्या रोपाला तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून अखंड मिळत राहतो. पाण्याखाली मात्र दोन अडचणी एकदम येतात. हवेशी समतोल साधलेल्या 25 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम 0.6 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, आणि पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट संथपणे पसरतो. पानाला चिकटून पाण्याचा एक स्थिर थर असतो. त्यातला वायू पानाने शोषून घेतला की नवा येऊन पोचायला वेळ लागतो. मासे आणि जिवाणू यांच्या श्वसनामुळे टाकीतले प्रमाण लिटरमागे 2-3 मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते, पण प्रखर दिव्याखाली दाट लागवड तेही थोड्याच तासांत संपवते.

सगळ्याच वनस्पती इतक्या परावलंबी नसतात. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, एगेरिया यांसारख्या कायम पाण्याखाली राहणाऱ्या वनस्पती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढू शकतात; जड पाण्यात त्या जोमाने वाढतात त्याचे हे एक कारण. पाणशेवाळांना (मॉसना) ही सोय नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांत आढळणाऱ्या रोटालाच्या जातींसारख्या अनेक वनस्पती उभयचर आहेत : पावसाळ्यात पाण्याखाली आणि पाणी ओसरल्यावर हवेत. हवेतल्या मुबलक वायूवर वाढण्याची सवय असलेली ही झाडे टाकीत कायमची बुडवून ठेवली की कार्बनसाठी आसुसतात. लालबुंद रोटाला मॅक्रँड्रा वायूशिवाय टिकवणे अनुभवी माणसालाही जड जाते, ते यामुळेच.

वायू बाहेरून पुरवण्याची पद्धत युरोपात रुजली. हॉलंडमध्ये दाट लागवडीच्या टाक्यांची परंपरा जुनी. जर्मनीत कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर यांनी 1980च्या दशकात उष्णकटिबंधातल्या ओढ्यांच्या पाण्याची मोजमापे करून टाकीसाठी वायू, प्रकाश आणि खते यांची एकत्र मांडणी केली. जपानमध्ये छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी 1982 साली निईगाता येथे कंपनी काढून निसर्गदृश्यासारख्या टाक्यांची शैली जगभर नेली. वायूचा पुरवठा हा त्या शैलीचा कणा होता. दुसऱ्या टोकाला अमेरिकेच्या डायना वॉलस्टड यांचे 1999चे पुस्तक आहे. तळाशी साधी माती, मध्यम प्रकाश आणि बेताचे मासे एवढ्यावर, सिलिंडरशिवाय, टाकी उत्तम चालते हे त्यांनी दाखवले. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन आणि व्हॅलिसनेरिया एवढीच झाडे हवी असतील तर दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. वायू लागतो तो प्रकाश वाढवल्यावर. दिवा प्रखर झाला की झाडांची कार्बनची मागणी वाढते. ती भागली नाही तर झाडे खंगतात आणि प्रकाश शेवाळाच्या कामी येतो. पुष्कळ टाक्यांमध्ये दिव्याचे तास कमी करणे हाच वायूपेक्षा स्वस्त आणि माशांना निर्धोक उपाय ठरतो.

वायू द्यायचा ठरला की प्रश्न येतो माशांचा. मासा कल्ल्यांमधून पाण्यातला ऑक्सिजन घेतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात सोडतो. हा वायू बाहेर पडतो तो केवळ दाबातल्या फरकामुळे. माशाच्या रक्तातला त्याचा दाब फार कमी, साधारण 2 ते 4 मिलिमीटर पारा एवढा असतो. माणसाच्या धमनीतल्या रक्तात तो 40च्या आसपास असतो. आता लिटरमागे 30 मिलिग्रॅम हे छंदिष्टांमध्ये सर्वत्र सांगितले जाणारे प्रमाण घेतले, तर 25 अंशांच्या पाण्यात त्याचा दाब सुमारे 15 मिलिमीटर होतो. म्हणजे बाहेरच्या पाण्यातला दाबच माशाच्या रक्तातल्या या वायूच्या नेहमीच्या दाबाच्या कित्येक पट होतो. वायू बाहेर पडत राहायचा असेल तर रक्तातले प्रमाण त्याहूनही वर चढावे लागते. रक्त आम्लधर्मी होते, आणि अशा रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरण्याची ताकद घटते. बऱ्याच माशांमध्ये तर पूर्ण क्षमताच खाली येते. त्यामुळे भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यातही मासा गुदमरू शकतो.

मासा यावर तोड काढतो. कल्ल्यांतून क्लोराइड बाहेर टाकून त्याबदल्यात तो बायकार्बोनेट आत घेतो आणि रक्ताची आम्लता हळूहळू सावरतो. या प्रक्रियेला काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो. सुरक्षित वापराचे जवळजवळ सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. तीन आठवड्यांत सावकाश वाढवत नेलेले 25 मिलिग्रॅम जो मासा सहज सोसतो, तोच मासा तासाभरात 5 वरून 25 वर नेलेल्या पाण्यात तडफडतो. 30 हा आकडा झाडांच्या गरजेवरून रूढ झालेला आहे. माशांसाठी ती हमी मानण्यात अर्थ नाही. झाडांची भूक बहुधा 15 ते 20 मिलिग्रॅमलाही बऱ्यापैकी भागते. अतिप्रखर दिवा आणि नाजूक लाल झाडे सोडली तर तिथेच थांबावे.

जातीजातींत फरकही मोठा आहे. वाहत्या, थंड, ऑक्सिजनने भरलेल्या पाण्यातले मासे लवकर त्रासतात. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या ओढ्यांमधला डेनिसन बार्ब हे जवळचे उदाहरण. 2013 साली या माशाच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळाले. लांब, दाट लागवडीच्या टाकीत त्याचा थवा फार शोभतो म्हणून तो नेमका वायूच्या टाक्यांमध्येच सोडला जातो. तिथे त्याला पाण्याचा जोरदार प्रवाह आणि कमी वायू, दोन्ही द्यायला हवे. डिस्कसला 28 ते 30 अंशांचे पाणी लागते आणि त्या तापमानाला ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. गुरामी आणि बेट्टा हे मासे पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेतात, त्यामुळे त्यांची ऑक्सिजनची सोय होते; पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड त्यांनाही मुख्यतः पाण्यातच सोडावा लागतो. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड असतो. घट्ट झाकणाच्या टाकीत तो पाणी आणि झाकण यांच्यामध्ये साचला तर या माशांना मिळणारी हवाच बिघडते. झाकणाला फट ठेवण्याचे कारण हे. कोळंबी गुदमरली तर हालचाल थांबवून एका जागी पडून राहते, आणि मऊ पाण्यात वायूमुळे येणारी आम्लता गोगलगाईंचे शंख झिजवते.

विरघळलेला वायू थेट मोजणारी साधने महाग असल्याने घरच्या टाकीत तो अप्रत्यक्षपणे मोजला जातो. पाण्याचा सामू म्हणजे पीएच, त्याची कार्बोनेट कठीणता म्हणजे केएच, आणि कार्बन डायऑक्साइड हे तिन्ही एकमेकांना बांधलेले असतात : केएचच्या जर्मन अंशांना 3 ने गुणायचे आणि त्याला 10 च्या (7 वजा सामू) या घाताने पुन्हा गुणायचे. केएच 4 आणि सामू 6.6 असेल तर उत्तर 30 मिलिग्रॅम येते. सूत्र बरोबर आहे, पण त्यावर विसंबताना दोन सापळे लक्षात घ्यावेत. पहिला, सामूच्या वाचनात 0.2 ची चूक झाली तरी 30 च्या जागी प्रत्यक्षात 19 किंवा 47 असू शकते, आणि रंग जुळवून बघायच्या किटमध्ये 0.2 ची चूक अगदी सहज होते. दुसरा, पाण्याची कठीणता फक्त बायकार्बोनेटमुळे आहे असे हे सूत्र धरून चालते. लाकडाच्या ओंडक्यातून उतरणारी आम्ले किंवा फॉस्फेट यांनी ते गृहीतक मोडते आणि वायू आहे त्याहून जास्त दिसू लागतो.

ड्रॉप चेकर नावाची काचेची छोटी कुपी यातला दुसरा सापळा टाळते. तिच्यात टाकीचे पाणी नसते. अचूक 4 केएचचे तयार द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंगदर्शक असतो. टाकीतला वायू कुपीच्या तोंडाशी अडकलेल्या हवेतून त्या द्रावणात शिरतो. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे 30 च्या आसपास, पिवळा म्हणजे जास्त. फिकट निळसर हिरवा रंग माशांच्या टाकीत समाधानाचा मानावा. कुपीत टाकीचेच किंवा नळाचे पाणी भरले तर रंगाला काही अर्थ राहत नाही, आणि ही चूक सर्रास होते. या साधनाचा मोठा दोष म्हणजे उशीर. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, त्यामुळे कुपी हिरवी असतानाच मासे पृष्ठभागावर धापा टाकत असू शकतात. ती कालपरवाचा कल सांगते, आत्ताचे संकट सांगत नाही.

तिसरी रीत सामूच्या फरकाची. टाकीतले ग्लासभर पाणी 24 तास उघडे ठेवून त्याचा सामू मोजायचा. त्यातला जास्तीचा वायू तोवर उडून गेलेला असतो. मग वायू चालू असताना टाकीचा सामू मोजायचा. सामू 1 ने उतरला तर कार्बन डायऑक्साइड दहापट झाला. केएच काय आहे हे यात कळावे लागत नाही, म्हणून धरणाच्या मऊ पाण्याला आणि बोअरच्या जड पाण्याला ही रीत सारखीच लागू पडते. उघड्या ग्लासातले पाणीही नेमके 0.6 वर नसते, ते 2-3 वरही असू शकते. तेव्हा 1 चा उतार हा गाठायचा आकडा न मानता ओलांडू नये अशी मर्यादा मानावी.

या सगळ्या मोजमापांपेक्षा भरवशाची खूण म्हणजे मासे. वायू चढू लागला की कल्ल्यांची उघडझाप जलद होते, खाण्यावरची वासना उडते, तळाशी वावरणारे मासे वर येतात, थवा विस्कटतो. त्यानंतर पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकणे, तिरके पोहणे, तोल जाणे. वायू बंद होण्याआधीचा शेवटचा तास हा पाहणीसाठी उत्तम, कारण दिवसभराचा वायू तोवर साचलेला असतो. ज्या दिवशी वायूचा प्रवाह ठरवणारी सुईची झडप थोडीही फिरवली त्या दिवशी वायू बंद होईपर्यंत टाकीपाशी कोणीतरी हजर असावे. बाहेरगावी जाण्याच्या आदल्या रात्री प्रवाह वाढवणे हा सर्वांत धोक्याचा उद्योग.

वायू चोवीस तास द्यायचा नसतो. अंधारात झाडे कार्बन डायऑक्साइड घेत नाहीत, उलट माशांप्रमाणेच ऑक्सिजन वापरून तो सोडतात. विजेच्या झडपेला, म्हणजे सोलेनॉइडला, टायमर जोडून दिवे लागण्यापूर्वी एक-दोन तास वायू चालू करतात आणि दिवे मालवण्याच्या तासभर आधी बंद. पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो, तेव्हा रात्री एअरपंप चालवणे चांगले.

पृष्ठभाग हलवला तर वायू उडून जातो म्हणून पाणी संथ ठेवावे, असा एक जुना सल्ला अजून दिला जातो. तो सोडून द्यायला हवा. पृष्ठभाग हलता ठेवला तर काही वायू नक्की उडतो आणि सिलिंडर थोडा लवकर संपतो. पण ऑक्सिजन भरून निघतो आणि वायूची पातळी एका ठिकाणी स्थिरावते, कारण प्रमाण वाढले की बाहेर पडण्याचा वेगही वाढतो. संथ टाकीत हा आपोआपचा आवर नसतो. वायू चढतच राहतो. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड पाण्यात एकमेकांची जागा अडवत नाहीत, दोन्हींचे प्रमाण एकाच वेळी चांगले ठेवता येते. उन्हाळ्यात याला आणखी महत्त्व येते. 25 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साधारण 7.6, आणि त्याच वेळी माशांची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पाणी 30 च्या वर गेले की वायूचा प्रवाह कमी करावा.

उपकरणांचा विचार करताना एक हिशोब डोळ्यांसमोर असावा. 100 लिटर पाण्यात 30 मिलिग्रॅमच्या प्रमाणाने एकूण वायू होतो फक्त 3 ग्रॅम. शेजारच्या सिलिंडरमध्ये असतात 2 किलो. यातला अल्पसा भाग चुकून एकदम टाकीत उतरला तरी मासे वाचत नाहीत. असे घडण्याची नेहमीची वाट म्हणजे एकटप्पी रेग्युलेटर. सिलिंडरमधला द्रव संपून दाब कोसळू लागला की या प्रकारच्या रेग्युलेटरचा बाहेरचा दाब वाढतो आणि उरलेला वायू वेगाने टाकीत जातो. दोनटप्पी रेग्युलेटर महाग असतो, पण हा धोका जवळपास नाहीसा करतो. एकटप्पी असेल तर सिलिंडर पूर्ण रिकामा होण्याची वाट न पाहता काढावा. काटा बघून मात्र हे कळत नाही. सिलिंडरमध्ये द्रव आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो, 20 अंशांना सुमारे 57 बार, मग द्रव काठोकाठ असो की तळाला. काटा उतरू लागला म्हणजे द्रव संपला. किती उरले हे वजनकाट्यावरच समजते.

रेग्युलेटरनंतर बारीक सुईची झडप, बुडबुडे मोजायची नळी, पाणी उलटे चढू नये म्हणून एकदिशा झडप आणि शेवटी डिफ्यूजर. ‘सेकंदाला एक बुडबुडा’ अशी मापे परस्परांना सांगितली जातात. त्यांचा उपयोग स्वतःच्या टाकीतला आजचा प्रवाह कालच्याशी ताडून पाहण्यापुरताच आहे, कारण प्रत्येक नळीचा बुडबुडा वेगळ्या आकाराचा असतो. डिफ्यूजरची चकती घाण झाली की वायू कमी विरघळतो. ती धुतल्यावर त्याच बुडबुड्यांत प्रमाण एकदम चढते. म्हणून चकती धुतली की प्रवाह आधी थोडा उतरवावा. सामू पाहून झडप उघडणारे-मिटणारे नियंत्रकही मिळतात. त्यांचा काचेचा प्रोब कालांतराने चुकू लागतो, आणि पाणी बदलल्याने केएच वाढला तर तोच सामू गाठायला ते जास्त वायू सोडतात. महिन्यातून एकदा प्रोब तपासणार नसलेल्या माणसाने साधा टायमरच वापरावा.

सिलिंडरचा प्रश्न माशांपुरता राहत नाही. भारतात 2016च्या गॅस सिलिंडर नियमांखाली मान्यता आणि चाचण्या ठरलेल्या आहेत. त्यांची देखरेख करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपूरला आहे. सिलिंडरच्या मानेवर चाचणीची तारीख कोरलेली असते. ती उलटली असेल तर भरून घेऊ नये. आग विझवण्याचा जुना कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर स्वस्तात मिळतो म्हणून अनेकजण वापरतात. त्याच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते, आणि ती काढली नाही तर वायूऐवजी द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो. भरणाऱ्याकडून ती काढून घेतल्याशिवाय असा सिलिंडर जोडू नये. कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान 31 अंश आहे. त्याच्यावर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही आणि पुढे प्रत्येक अंशागणिक दाब झपाट्याने वाढतो. काठोकाठ भरलेला सिलिंडर उन्हात किंवा बंद गाडीत ठेवणे म्हणूनच घातक. तो उभा आणि साखळीने बांधलेला असावा.

गळतीचा हिशोबही घरात करून पाहावा. 2 किलो वायू म्हणजे सुमारे 1,100 लिटर. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत तो सगळा सुटला तर हवेतले प्रमाण 4 टक्क्यांच्या जवळ जाते, आणि 4 टक्के ही माणसाच्या जिवाला तात्काळ धोका मानण्याची पातळी आहे. जड असल्यामुळे जमिनीलगत, म्हणजे गादीवर झोपलेल्या मुलांच्या उंचीला, तो आधी साचतो. दारे-खिडक्या लावून एसी चालणाऱ्या झोपण्याच्या खोलीत सिलिंडर ठेवू नये. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून फुगे येतात का पाहणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि सिलिंडर बदलला की दर वेळी करायचे.

घरगुती वायूमध्ये साखर आणि यीस्टची बाटली सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत कमी आटोक्यात राहणारी. ती रात्री बंद होत नाही, उकाडा वाढला की आंबण्याचा वेग वाढतो, आणि नळी तुंबली तर बाटली फुटते. काचेची बाटली कधीही वापरू नये. सोड्याच्या प्लास्टिक बाटल्या दाब सोसण्यासाठीच बनवलेल्या असतात. मध्ये दुसरी रिकामी बाटली जोडली नाही तर आंबलेले पाणी टाकीत उतरते. सायट्रिक आम्ल आणि खायचा सोडा यांच्या जोडबाटल्यांना झडप बसवता येते, त्यामुळे त्या यापेक्षा बऱ्या. लहान टाकीत लहान चूकही मोठी ठरते, म्हणून 30-40 लिटरच्या टाकीला यीस्टची बाटली लावलीच तर रात्री एअरपंप हवाच. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून विकली जाणारी द्रव्ये बहुतेक ग्लुटाराल्डिहाइडची असतात. ती वायूची जागा घेत नाहीत, व्हॅलिसनेरिया आणि मॉस यांना जाळू शकतात, आणि डोळ्यांना व श्वसनमार्गाला दाहक असतात.

वायू जास्त झाल्याचे दिसले तर पहिल्यांदा सिलिंडरची झडप बंद करावी. मग फिल्टरचा झोत पृष्ठभागावर वळवून आणि एअरपंप लावून पाणी जोरात खळाळवावे. वायू उडून जायला याहून जलद मार्ग नाही. त्याबरोबर क्लोरीन काढलेले, त्याच तापमानाचे पाणी घालून 40-50 टक्के पाणी बदलावे. सामू उतरलेला दिसतो म्हणून खायचा सोडा टाकण्याचा मोह आवरावा : त्याने सामू चढतो, विरघळलेला वायू मात्र पाण्यात तसाच राहतो. तोल गेलेला मासा हलक्या प्रवाहाजवळ, भरपूर हवा असलेल्या पाण्यात ठेवला तर तासाभरात सावरू शकतो. त्या दिवशी खाद्य घालू नये आणि दिवेही मंद ठेवावेत. वायू पुन्हा सुरू करण्यापूर्वी कारण सापडलेच पाहिजे : सुई सरकली, चकती धुतली गेली, सिलिंडर संपत आला होता, टायमर अडकला की पृष्ठभागावर तेलकट साय धरून हवेची देवाणघेवाण थांबली होती. सुरुवात आधीच्या निम्म्या प्रवाहाने करून तीन-चार दिवसांनी एकेक टप्पा वाढवावा, आणि नवे मासे या काळात सोडू नयेत.